खानेसुमारीची नोंद वंशवृक्षात ठेवताना

आमच्या आजीचे वय तीन कागदांवर तीन प्रकारचे आहे. १९७१ च्या मतदार यादीत ती ३४ वर्षांची आहे, १९८३ च्या शिधापत्रिकेत ५० वर्षांची आणि २००४ च्या मृत्यूच्या दाखल्यात ७५ वर्षांची. हिशेब केला तर तिचे जन्मवर्ष एका ठिकाणी १९३६, दुसऱ्या ठिकाणी १९३२-३३ आणि तिसऱ्या ठिकाणी १९२८-२९ येते. संगणकावर वंशवृक्ष मांडायला बसले तेव्हा तिच्या पानावर जन्मतारखेचा एकच रकाना समोर होता. दाखला सर्वांत भरवशाचा, असे समजून मी तिथे १९२९ लिहिले आणि पुढच्या नावाकडे वळले. दोन वर्षांनी आत्याने त्या सालाचा आधार विचारला, तेव्हा मला तो सांगता आला नाही, कारण मी फक्त निष्कर्ष लिहिला होता आणि तो कोणत्या कागदावरून काढला, हे कुठेच नोंदवले नव्हते. त्यानंतर मी सगळा वंशवृक्ष पुन्हा पहिल्यापासून भरला. ते करताना जी पद्धत हाती आली, ती येथे लिहीत आहे.

ही पद्धत मुळात परदेशातील जनगणनेच्या नोंदींसाठी घडलेली आहे. इंग्लंड आणि वेल्समधील १९२१ च्या जनगणनेचे तक्ते शंभर वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची असल्याने १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये पाहायला मिळाले. एका ठरावीक दिवशी एका घरात कोण कोण राहत होते, त्यांचे कुटुंबप्रमुखाशी नाते काय, वय किती आणि व्यवसाय कोणता, हे सगळे त्या एका पानावर असते. म्हणूनच ‘गेडकॉम’ या वंशावळीच्या देवाणघेवाणीच्या सर्वमान्य स्वरूपात जनगणनेसाठी जन्म-मृत्यूसारखीच स्वतंत्र खूण राखून ठेवलेली आहे.

आपल्याकडे पहिली जनगणना १८७२ ची आणि देशभर एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची. त्यानंतर २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली. मात्र जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार घराघराची माहिती कोणालाही पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही. बाहेर येतात ते आकडे. २०११ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ आणि शहराची ५,४९,२३६ होती. त्यांत आमच्या घरातली माणसेही आहेत, पण नावांशिवाय. हे आकडे मी व्यक्तीच्या पानावर न ठेवता त्या गावाच्या टिपणात ठेवते.

तरीही घरच्या जुन्या कागदांतल्या नोंदींना मी खानेसुमारीच म्हणते. या जुन्या शब्दाचा अर्थच घरांची मोजदाद असा आहे, आणि एका दिवशीचे एक घर दाखवणारे कागद आपल्याकडे पुष्कळ आहेत. मतदार यादी आहे, शिधापत्रिका आहे, वारसांची नोंद असलेले जमिनीचे फेरफार आहेत, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. आमच्या भागात हेळवी येतात, पिढ्यांची नावे वाचून दाखवतात आणि नवीन जन्मलेल्यांची नावे चोपडीत लिहून घेतात. तीही एका अर्थाने घराची गणतीच आहे. २०१९ च्या महापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरले, कागदांची ट्रंक भिजली, आणि जे वाचले त्याची छायाचित्रे काढून ठेवताना हे सगळे कागद मी पहिल्यांदा एकत्र पाहिले.

मी ‘ग्रॅम्प्स’ हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम वापरते. त्यात व्यक्ती, घटना, स्थळ, साधन आणि त्या साधनाचा नेमका संदर्भ यांच्या नोंदी वेगवेगळ्या राहतात, आणि सगळी सोय या वेगळेपणातच आहे. १९७१ च्या मतदार यादीतील आमचे घर ही मी जनगणना या प्रकारची एकच घटना म्हणून नोंदवली. तिची तारीख १ जानेवारी १९७१ ठेवली, कारण यादीतले वय त्या दिवशीचे धरलेले असते. मग घरातील सातही मतदारांना त्या एकाच घटनेशी जोडले आणि प्रत्येकाच्या जोडणीवर कागदातले वय आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव जसेच्या तसे लिहिले. पूर्वी मी हीच माहिती सात पानांवर सात वेळा लिहीत असे आणि एखादी चूक सापडली की सात ठिकाणी दुरुस्त करावी लागे. बहुतेक वेळा एखादे ठिकाण राहूनच जात असे.

या घटनेत वय असते, जन्मतारीख नसते. वयावरून जन्मवर्ष काढणे हे आपले काम आहे, कागदाचे नव्हे, आणि हा भेद नोंदीत दिसलाच पाहिजे. १ जानेवारी १९७१ रोजी ३४ वर्षांची असलेली व्यक्ती २ जानेवारी १९३६ ते १ जानेवारी १९३७ या काळात जन्मलेली असणार, म्हणून तारीख ‘या दोन तारखांच्या दरम्यान’ अशी लिहावी आणि ती हिशेबाने काढलेली आहे अशी खूण करावी. आता आजीच्या पानावर जन्माच्या तीन नोंदी आहेत आणि प्रत्येकीला तिचा संदर्भ व विश्वसनीयतेची पायरी जोडलेली आहे. मृत्यूच्या दाखल्यातील वय काकांनी अंदाजाने सांगितले होते आणि मतदार यादीतील वय बहुधा आजोबांनी. आजीला स्वतःला कोणी विचारले होते का, हे एकाही कागदावरून कळत नाही. तिचे लग्न जळिताच्या, म्हणजे गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीच्या, आदल्या वर्षी, १९४७ मध्ये झाले, एवढे मात्र घरात सगळ्यांना पक्के माहीत आहे, आणि मी तीही चौथी साक्ष म्हणून लिहिली आहे. माहिती कोणी दिली, हे कळत असेल तिथे न चुकता लिहावे, असा माझा आग्रह आहे. शाळेच्या दाखल्यांवर तर १ जून ही जन्मतारीख इतक्यांदा येते की ती दिसली की मी ती नोंदवते, पण विश्वसनीयता कमी ठेवते. प्रवेशाच्या वेळी गुरुजींनीच ती घातलेली असण्याचा संभव अधिक.

कागदात नाव नाही म्हणून माणूस नव्हता, असा अर्थ काढण्याची घाई सर्वांत घातक ठरते. आमच्या जुन्या फेरफारात थोरल्या पणजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे जमीन सर्व भावांची पण नाव थोरल्याचे. हे समजण्यापूर्वी मी त्यांना एकुलता एक मुलगा ठरवून धाकट्या दोन भावांना दुसऱ्याच घराण्यात टाकले होते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ती अक्षरे असतील तर ज्याच्या नावापुढे ती आली तो त्या दिवशी सज्ञान नव्हता, एवढे वयाचे प्रमाण त्यातूनही मिळते. मतदार यादीलाही अशीच मर्यादा आहे: १९८९ पूर्वी मतदानाचे वय २१ असल्याने घरातली अठरा ते वीस वर्षांची मुले तिच्यात नसतात.

नावांच्या बाबतीत स्त्रियांवर फार अन्याय होतो. जुन्या कागदांत ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमक्याचा मुलगा आणि ‘अमुक कोम तमुक’ म्हणजे तमक्याची पत्नी, एवढाच परिचय असतो. लग्नात आडनावच नव्हे तर मूळ नावही बदलण्याची रीत असल्याने एकच बाई माहेरच्या कागदात एका नावाने आणि सासरच्या कागदात दुसऱ्या नावाने येते, आणि वंशवृक्षात तिच्या दोन व्यक्ती होतात. मी माहेरचे नाव मुख्य ठेवते आणि सासरचे पर्यायी नाव म्हणून, लग्नाच्या सालासह जोडते. दत्तकाच्या बाबतीतही हेच. १८८१ च्या जनगणनेच्या वेळी जो मुलगा कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव होता, तोच १८९१ च्या वेळी शाहू छत्रपती होता, कारण मधे १८८४ चे दत्तकविधान आहे. त्या दोन पानांवरून दोन माणसे मानणारा चुकला, आणि पहिले नाव पुसून टाकणाराही चुकलाच.

स्थळाच्या नोंदीत कोल्हापूरकरांनी विशेष काळजी घ्यावी. करवीर तालुक्यातील आमचे गाव १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थानात होते, १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० पासून ते गाव महाराष्ट्रात आहे. ग्रॅम्प्समध्ये एक स्थळ दुसऱ्या कोणत्या स्थळाच्या पोटात कधीपासून कधीपर्यंत होते, हे तारखांसह सांगता येते, त्यामुळे १९३५ च्या कागदाखाली ‘महाराष्ट्र’ असे उमटत नाही. शहरातल्या घरांचे वॉर्ड आणि घरक्रमांक मात्र मी कागदावर असतील तसेच लिहिते.

एक नुकसानही सांगायला हवे. नातेवाइकांना पाठवण्यासाठी मी हा वंशवृक्ष गेडकॉममधून दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये नेला, तेव्हा ज्यांना घटनेत दुय्यम भूमिका दिली होती त्यांच्या पानांवरून ती नोंदच नाहीशी झाली. गेडकॉमच्या ५.५.१ या आवृत्तीत एका घटनेत अनेकांना भूमिका देऊन जोडण्याची सोय नाही. आता मी घरातल्या प्रत्येकाला मुख्य भूमिकेतच जोडते, आणि कागदाची पूर्ण नक्कल घटनेच्या टिपणातही ठेवते.

देशाची पुढची जनगणना २०२७ मध्ये होत आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च आहे आणि कुटुंबाने स्वतः माहिती भरण्याची सोयही जाहीर झाली आहे. ती उत्तरे माझ्या नातवंडांनाही पाहता येणार नाहीत, म्हणून त्याच दिवसाची आमच्या घराची आमची स्वतःची खानेसुमारी मी तयार करते आहे. तिच्यात जनगणना न विचारणारे दोन रकाने आहेत, एक माहेरच्या नावाचा आणि दुसरा माहिती कोणी सांगितली याचा. सासूबाईंचा रकाना भरून झाला आहे. त्यांनी जन्मसाल सांगितले नाही. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते,’ एवढेच म्हणाल्या, आणि मी तेवढेच, त्यांच्याच शब्दांत, लिहिले आहे.