फॉरमॅट मारायच्या आधी

गोव्यात, फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. पाऊस लागला की आमच्याकडच्या तक्रारी बदलतात. कीबोर्डच्या कळा दाबल्या जात नाहीत, चार्जिंगच्या पिनेवर हिरवट गंज चढतो, लाइट गेली-आली की अ‍ॅडॉप्टर जळतात. पण ‘चालू व्हायला फार वेळ लागतो’ ही तक्रार बारमाही असते. तिच्यावरचा उपायही गिऱ्हाईक बरोबरच घेऊन येतं: “फॉरमॅट मारून द्या,” म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका.

या उपायाचा मला मनापासून राग आहे. फॉरमॅट कधीच मारू नये असं नाही. पण मशीन मंद का झालं हे न बघता तो मारणं म्हणजे ताप कशाचा आहे हे न तपासता रोग्याला ऑपरेशनला घेणं. गेल्या पावसाळ्यातली एक केस आठवली की हे अजून तीव्रतेने वाटतं.

सावईवेऱ्याच्या बाजूच्या एक बाई आल्या. हायस्कुलातून निवृत्त झालेल्या, घर कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत. बाहेर धो धो पाऊस. लॅपटॉप आधी टॉवेलात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग कापडी पिशवीत. “बाय, हा चालू करून मी देवपूजा आटोपते, तरी याचं आपलं गोल फिरणं चालूच. जरा बघ गो.” आधी त्यांनी तो दुसरीकडे दाखवला होता. तिथे सांगितलं, फॉरमॅट मारू, ‘डी’मधलं राहील, ‘सी’मधलं जाईल. सी आणि डी म्हणजे डिस्कचे दोन कप्पे, विंडोज असतं ते सीमध्ये. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, “डेस्कटॉपवरचं कुठल्यात येतं?” उत्तर नीट मिळेना, म्हणून त्या लॅपटॉप उचलून आल्या. फार शहाणपणाचा प्रश्न होता तो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली मुळात सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि बहुतेक माणसं आपलं सगळं नेमकं तिथेच ठेवतात.

मी विचारलं, “हळूहळू मंद होत गेला, की एकदम?”

“शिमग्यापर्यंत बरा होता. मे महिन्यात एकदम बिनसला.”

या उत्तरावर पुष्कळ अवलंबून असतं. वर्षा-दोन वर्षांत हळूहळू मंदावलेल्या मशीनवर सहसा कचरा साठलेला असतो. प्रिंटरचं सॉफ्टवेअर, व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप, एकाच्या जोडीला दुसरा अँटिव्हायरस, सगळे सुरुवातीलाच उठून बसतात. टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, तिच्या स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन ते बंद केले की फरक पडतो. पण अमुक महिन्यापर्यंत बरा आणि मग एकदम वाईट, असं ऐकलं की मी आधी हार्ड डिस्ककडे बघते.

लॅपटॉप चालू केला आणि कान खाली नेला. डाव्या तळहाताखालच्या भागातून थोड्या थोड्या वेळाने बारीक ‘टिक’ ऐकू येत होतं. पाऊस पत्र्यावर वाजत होता, तरी ते वेगळं कळत होतं. बऱ्याच वेळाने डेस्कटॉप आला. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये डिस्क 100 टक्के. नुसत्या एवढ्याने घाबरायचं कारण नसतं, अपडेट चालू असतानाही जुनी डिस्क 100 टक्क्यांवर बसते. मात्र तेव्हा खालचा वाचनाचा वेगही सेकंदाला निदान काही एमबी दिसतो. इथे डिस्क पूर्ण गुंतलेली आणि वेग सेकंदाला दोन-तीनशे केबी. शेजारचा सरासरी प्रतिसादाचा आकडा हजारो मिलिसेकंदांत. धडधाकट डिस्कचा तो दहा-वीसच्या घरात असतो. काम जास्त असल्याचं हे लक्षण नव्हतं. डिस्क एकेका जागी अडकून पडत होती.

मी लगेच लॅपटॉप बंद केला आणि बाईंना म्हटलं, “यातलं सगळं दुसरीकडे उतरेपर्यंत मी हा परत चालू करणार नाही. तुम्हीही करू नका. काय आहे यात?”

मग त्यांनी सांगितलं. धालोची, म्हणजे पौषात बायका रात्री मांडावर, वाड्यावरच्या ठरलेल्या अंगणात, जमून नाचत म्हणतात ती गाणी, फुगड्या, जात्यावरच्या ओव्या. निवृत्तीनंतर त्या आसपासच्या वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून गाणी म्हणवून घ्यायच्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. पौषात मांडावर धालो असले की रात्र रात्र तिथे बसायच्या. घरी येऊन ती गाणी टाइप करायची, खाली अर्थ आणि कोणी सांगितलं ते लिहायचं. मोबाइल बदलला तेव्हा त्यातलं गेलं. होतं ते सगळं या लॅपटॉपात. “त्यातल्या कितीक जणी आता नाहीत गो,” एवढंच म्हणाल्या.

मागचं झाकण काढलं. एक टीबीची, मिनिटाला 5400 फेरे फिरणारी डिस्क निघाली. अशा डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर वाचणारं डोकं एका जागेवरून दुसरीकडे जायलाच दहा-पंधरा मिलिसेकंद घेतं. विंडोज उठताना हजारो लहान लहान तुकडे इकडून तिकडून वाचावे लागतात, म्हणून चांगल्या स्थितीतही ही डिस्क धिमीच. पण डिस्कच्या स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी, म्हणजे स्मार्ट, काढून बघितल्या तेव्हा खरं कळलं. ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्य असायला हवा, तो तीन अंकी होता. तेवढ्या जागा डिस्कला नीट वाचता येत नव्हत्या. घरगुती वापराची डिस्क अशा जागेवर हार मानत नाही. तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहते, एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद घालवते. तोवर विंडोज ताटकळत बसतं आणि पडद्यावर गोल फिरत राहतं.

अशा वेळी दोन गोष्टी फार जण करतात आणि दोन्ही घातक. एक फॉरमॅट. दुसरी चेकडिस्क, विंडोजमधलीच डिस्क तपासायची सोय. खराब सेक्टर ‘दुरुस्त’ करायला चेकडिस्क लावली की ती मरायला टेकलेली डिस्क अथपासून इतिपर्यंत पिंजून काढते, आणि वर फायलींच्या नोंदी बदलतेही. आधी नक्कल, मग बाकीचं. यात मी तडजोड करत नाही.

नक्कल करायला मी माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स चालवून त्यात डीडीरेस्क्यू वापरते. फुकटचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याची रीत मला फार आवडते. सोपं ते आधी उचलायचं. जिथे डिस्क अडकली तिथे हट्ट न करता पुढे उडी मारायची, वगळलेली जागा एका यादीत लिहून ठेवायची. पुष्कळसं हाती आल्यावर मग त्या वगळलेल्या जागांकडे वळायचं. मध्येच लाइट गेली तरी यादी असल्यामुळे होतं तिथून पुढे सुरू करता येतं. आमच्याकडे पावसाळ्यात हा गुण सोन्याचा. तरीही कॉम्प्युटर यूपीएसवर टाकला, डिस्कवर टेबल फॅन सोडला.

सुरुवातीला ती छान पळाली. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला वेग घसरला, सेकंदाला काही केबी, मग शून्य, मग परत थोडा. मी शटर अर्धं ओढून बसून राहिले. पडद्यावरचा ‘वाचलं’चा आकडा हलला की बरं वाटायचं. शेवटी उलट्या दिशेने, म्हणजे मागून पुढे वाचायची फेरी लावली. पुढून जाताना जिथे डिस्क अडकते, तिथलंच काही मागून येताना मिळून जातं. तसं मिळालंही. रात्रभर ते चालू ठेवलं. सकाळी बघितलं तर अख्ख्या टीबीतला एक एमबीही नाही एवढाच भाग न वाचलेला उरला होता.

पहिल्या फेरीत वगळलेल्या जागांची यादी फायलींशी ताडून बघितली. निम्म्याहून अधिक जागा विंडोजच्या अशा फायलींवर होत्या, ज्या मशीन उठताना रोज लागतात. डिस्क त्या कशाबशा वाचून देत होती म्हणून लॅपटॉप चालू तरी होत होता. बाईंचा वेळ जात होता तो इथे. शेवटपर्यंत न वाचलेल्या जागा बहुतेक जुन्या अपडेटच्या उरलेल्या फायलींवर होत्या. एक मात्र रेकॉर्डिंगवर होती. ओवीचं, चार-पाच मिनिटांचं.

ते लावून ऐकलं. मधे कुठेतरी आवाज कट्ट करून तुटतो आणि ओवी पुढे चालू राहते. डिस्कवरचा एक सेक्टर 4096 बाइटचा, आणि रेकॉर्डिंग 128 केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला 128 किलोबिट, साधारण 16 हजार बाइट. म्हणजे हरवला तो गाण्यातला साधारण पाव सेकंद, एखादं अक्षर. बाईंना फोन करून हे आधीच सांगितलं. त्यांनी कोणाची ओवी ते विचारलं, मी फाइलवर लिहिलेलं नाव वाचलं. “तिची टाइप केलेली आहे माझ्याकडे. शब्द आहेत,” म्हणाल्या.

टाइप केलेल्याचं मला आणखी एक सापडलं. बाईंनी सगळं लिखाण एका जुन्या, छपाईच्या कामाच्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेलं होतं, युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा आताच्या पद्धतीच्या, आधीच्या. या फॉन्टमध्ये आपल्याला मराठी दिसतं, पण फायलीत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट नसेल तर ओवीच्या जागी नुसती अक्षरांची रास दिसते. फॉन्ट असतो तो विंडोजच्या फोल्डरात. समजा कोणी भल्या मनाने डेस्कटॉप पेन ड्राइव्हवर घेऊन फॉरमॅट मारला असता, तरी फॉन्ट गेला असता आणि बाईंना स्वतःचीच वही वाचता आली नसती. मी फॉन्ट वेगळा काढून ठेवला, सगळ्या फायली युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं बदलताना बिघडतात. ती बाईंनी नंतर घरी बसून तपासली.

पुढचं काम रोजचंच. नक्कल नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर, चढवली, सिस्टिम फाइल चेकर चालवून विंडोजच्या बिघडलेल्या फायली बदलून घेतल्या, स्टार्टअपमधली नको ती अ‍ॅप बंद केली. लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉपवर येऊ लागला. फॉरमॅट करावा लागला नाही.

बाई न्यायला आल्या तेव्हा पाऊस थोडा उघडला होता. मी गाण्यांच्या आणखी दोन नकला करून दिल्या, एक घरी ठेवायला बाहेरच्या डिस्कवर आणि एक मुंबईच्या मुलीकडे पाठवायला. त्यांना वाटलं दुकानात बसूनच एकदा सगळं उघडून बघावं. बघत बसल्या. मग जुनी डिस्क हातात घेऊन विचारलं, “ही टाकून देऊ?”

“इतक्यात नको,” मी म्हटलं. “त्या नकला घरच्या कॉम्प्युटरवर उघडून, एकेक गाणं ऐकून झालं की मग.”

आश्विनात त्या परत आल्या, या वेळी लॅपटॉप न घेता. पर्समधून मेमरी कार्डं काढून काउंटरवर ठेवली. त्यांच्याबरोबर वाड्यांवर फिरणाऱ्या मैत्रिणींची होती ती, सगळ्यांची रेकॉर्डिंगं एकेका कार्डावरच. “पौषात धालो सुरू व्हायच्या आधी यांच्याही दोन-दोन नकला करून दे,” म्हणाल्या.