त्वेर गुबेर्नियेचा नकाशा, चौथी नोंद: हद्द पुसली, पुन्हा आखली

मंडळी, रशियातल्या त्वेर गुबेर्नियेचा, म्हणजे झारच्या काळातल्या एका मोठ्या प्रशासकीय विभागाचा, जुना नकाशा मी आखतेय. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की बाहेरची हद्द पक्की झाली, आता आतले तालुके पाडले की काम संपलं. ती हद्द परवा पुसून टाकली. सगळीच. दोन महिने पाण्यात.

चूक अशी की शिकाऊ मोजणीदारानेही केली नसती. आजच्या त्वेर ओब्लास्तची (म्हणजे आताच्या प्रशासकीय विभागाची) हद्द नेटवर आयती मिळते. ती घ्यायची, कडेकडेने थोडी छाटायची आणि तिलाच झारच्या काळातली गुबेर्निया म्हणायचं, असा माझा आडरस्ता. मग एकेक गाव तपासायला घेतलं आणि घाम फुटला. पश्चिमेचं तोरोपेत्स हे प्स्कोव गुबेर्नियेचं. नैर्ऋत्येचं बेली स्मोलेन्स्कचं. मॉस्को-पीटर्सबर्ग रेल्वेवरचं बोलोगोये जंक्शन, जे मी डोळे मिटून त्वेरमध्ये धरलं होतं, ते नोवगोरोद गुबेर्नियेच्या वाल्दाई तालुक्यात.

झालं असं होतं की जुनी गुबेर्निया 1929 मध्ये मोडली आणि तिची जमीन मॉस्को आणि पश्चिम अशा दोन ओब्लास्तांत वाटली गेली. 1931 मध्ये त्वेर शहराचं नाव कालिनिन झालं. 1935 मध्ये कालिनिन ओब्लास्त नव्याने बांधलं गेलं, नव्या तुकड्यांसकट. 1990 मध्ये शहराला जुनं नाव परत मिळालं आणि त्या नावाला मी भुलले. वडिलोपार्जित सातबारा म्हणून हातात घेतला आणि तो निघाला 1935 चा फेरफार. भूमापन खात्यात उभी हयात घालवलेल्या बाईने हे करावं! असो.

नवीन आलेले दरवेळी विचारतात, त्वेरच का? एकदाच लिहून ठेवते. मी अलिबागजवळ राहते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर अडकला, तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, पुढे तो बिदरला गेला. तो त्वेरचा. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. ते पाहिलं आणि हा माणूस निघाला ते गाव नेमकं कुठे, एवढं शोधायला म्हणून नकाशा उघडला तो अजून मिटलेला नाही. गंमत अशी की निकितीन निघाला तेव्हा त्वेर कुणाची गुबेर्निया-बिबेर्निया नव्हती, स्वतंत्र राज्य होतं. त्याचा राजा मिखाईल बोरिसोविच. मॉस्कोने ते गिळलं 1485 मध्ये, तोवर निकितीन परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला होता.

आता काम. पाया म्हणून मी मेन्देचा नकाशासंग्रह घेतला. अलेक्सांद्र मेन्दे हा लष्करी सर्वेक्षक. त्याच्या हाताखाली त्वेर गुबेर्नियेची मोजणी 1848-49 मध्ये झाली आणि पत्रकं 1853 मध्ये छापली गेली. प्रमाण एका इंचाला दोन वेर्स्ता (वेर्स्ता हे अंतराचं जुनं रशियन माप). झार पीटरने इंग्रजी फूट-इंच घेतल्यामुळे हिशेब सोपा आहे: साझेन म्हणजे 7 फूट, 500 साझेनांचा एक वेर्स्ता, म्हणजे दोन वेर्स्ता 84,000 इंच. प्रमाण 1:84,000. क्षेत्राचा हिशेब करताना तर मी हसलेच. देस्यातिना हे जमिनीचं माप म्हणजे 2,400 चौरस साझेन. त्याचे चौरस फूट काढा, 1,089 ने (एका गुंठ्याचे चौरस फूट) भागा. उत्तर जवळजवळ बरोब्बर 108 गुंठे. जपमाळच. त्या दिवसापासून मी देस्यातिना हेक्टरात बदलत नाही, गुंठ्यांतच बदलते. आणि रशियन भाषेत बांधाला ‘मेझा’ म्हणतात, मोजणीला ‘मेझेवानिये’, म्हणजे शब्दशः बांध घालणं. सम्राज्ञी कॅथरीनने 1765 मध्ये काढलेली सरसकट मोजणी याच नावाने ओळखली जाते. त्या मोजणीत जमिनीच्या तुकड्याला ‘दाचा’ म्हणत. आज हाच शब्द सुट्टीतल्या घराला वापरतात, हे ठाऊक नसेल तर जुनी कागदपत्रं वाचताना सगळा रशिया सुट्टीवर गेलाय असं वाटतं.

स्कॅन केलेलं पत्रक क्यूजीआयएसमध्ये (नकाशे जुळवायच्या संगणक-प्रणालीत) बसवताना नेहमीसारखीच चर्चच्या जागांवर भिस्त ठेवली. सगळ्यात खात्रीचा बिंदू काल्याझिनचा घंटाघर-मनोरा. फोटो तुम्ही पाहिला असेल: चहूकडे पाणी आणि मध्ये एकटा उभा मनोरा. उगलिच धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं, कॅथेड्रल आधीच पाडलं होतं, मनोरा राहिला. मेन्देच्या पत्रकावर तो मनोरा पाण्यात नाही, गावात आहे, आजूबाजूला घरांचे ठोकळे. आजच्या उपग्रह छायाचित्रावर टाचणी पाण्यात टोचायची आणि जुन्या पत्रकावर त्याच बिंदूला वस्तीत. आपल्याकडे उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं, ते पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्वेर शहरासाठी वोल्गा आणि त्वेर्त्सा यांचा संगम घेतला. तो फारसा हलत नाही.

मग प्रश्न शब्दांचा. मागच्या वेळी बरीच हमरीतुमरी झाली, म्हणून माझा निर्णय सांगून टाकते. गुबेर्निया तशीच ठेवली. ‘प्रांत’ म्हणावं तर 1719 च्या रचनेत गुबेर्नियेच्या खाली ‘प्रोविन्त्सिया’ येते, मग घोळ होतो. उयेझ्दला तालुका. तिथल्या ‘इस्प्राव्निक’ला मामलेदार म्हणायचा मोह झाला, पण कॅथरीनच्या कायद्यात त्याला तालुक्यातले सरदार-जमीनदार निवडून देत, आणि मामलेदार कुणी निवडून दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. म्हणून इस्प्राव्निक तसाच. मात्र एका पदाला आपल्याकडे नेमका शब्द आहे. याकोब सिव्हेर्स हा एकाच वेळी नोवगोरोद, त्वेर आणि प्स्कोव यांच्यावर नेमलेला गव्हर्नर-जनरल होता. अनेक सुभ्यांवरचा एक माणूस. पेशवाईत त्याला सरसुभेदार म्हणाले असते. माझ्या तक्त्यात तो सरसुभेदार.

नकाशा मी काळानुसार थरांत, म्हणजे लेअरमध्ये आखतेय. पहिला लेअर: 1708 ते 1775. इथे त्वेर गुबेर्निया नाहीच. पीटरने 1708 मध्ये देशाचे आठ भाग केले तेव्हा त्वेर गेली इंगरमानलांद गुबेर्नियेत, तीच पुढे सेंट पीटर्सबर्ग गुबेर्निया झाली. 1719 मध्ये तिच्यात त्वेर नावाची प्रोविन्त्सिया पाडली. 1727 मध्ये नोवगोरोद गुबेर्निया वेगळी निघाली, त्वेर तिच्या पदरात. काशिन आणि बेझेत्स्क मात्र उगलिच प्रोविन्त्सियेतून मॉस्को गुबेर्नियेकडे गेले. म्हणजे पुढे जी एक गुबेर्निया झाली तिचा पूर्व भाग आधी वेगळ्या घरात नांदत होता. हा लेअर मी फिक्या रंगात, तुटक रेषेने ठेवलाय. यावर आणखी वेळ घालवणार नाही.

दुसरा लेअर, 1775 चा, खरा रसाळ. जुन्या पंचांगाप्रमाणे 7 नोव्हेंबर 1775 ला कॅथरीनने गुबेर्नियांचा कायदा काढला आणि 25 नोव्हेंबरला त्वेरची नामेस्त्निचेस्त्वो (गुबेर्नियेलाच तेव्हा दिलेलं नाव) जाहीर झाली. नव्या कायद्याखाली सगळ्यात आधी उभ्या राहिलेल्यांपैकी ही एक. 1776 च्या जानेवारीत सिव्हेर्सच्या हस्ते कामकाज सुरू, पहिला गव्हर्नर मिखाईल क्रेचेत्निकोव. कायद्याचं माप जमिनीचं नव्हतं, डोक्यांचं होतं: गुबेर्नियेत तीन ते चार लाख पुरुष, तालुक्यात वीस ते तीस हजार. बायका मोजल्याच नाहीत, कर पुरुषावर होता.

माझी दुसरी चूक इथेच सापडली. मी गृहीत धरलं होतं की हद्द नदीकाठाने जाईल. आपल्याकडे कितीतरी तालुक्यांची शीव नदीने पडते, हाताला तीच सवय. इथे उलटं. र्झेव, झुब्त्सोव, स्तारित्सा, त्वेर, पुढे कोर्चेवा आणि काल्याझिन, सगळी तालुक्याची ठाणी वोल्गेच्या काठावर, तालुका नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला. नदी बांध नव्हे, कणा. आधी काठावरचं ठाणं धरायचं, मग दोन्हीकडची गावं मोजत डोकी भरेपर्यंत बाहेर सरकायचं. हे लक्षात आल्यावर हद्दी धडाधड बसायला लागल्या. तीन संध्याकाळींत स्तारित्सा आणि झुब्त्सोव उरकले.

पण डोकी मोजून तालुके पाडले की ठाण्यांसाठी शहरं कमी पडतात. मग खेड्यांना शहर केलं. वेस्येगोन्स्क, क्रास्नी खोल्म, काल्याझिन ही 1775-76 पर्यंत शहरं नव्हती. ओस्ताश्कोव आणि विश्नी वोलोच्योक 1770 ची. वोलोच्योकला निदान कारण होतं: पीटरने तिथे कालवा काढून वोल्गेचं पाणी बाल्टिकच्या बाजूच्या नद्यांना जोडलं होतं, पीटर्सबर्गचं धान्य तिथूनच जायचं. कोर्चेवा सर्वांत शेवटी, 1781. ते काय शहर म्हणायचं! त्याच तालुक्यातलं किम्री, चांभारकामासाठी नावाजलेलं, कोर्चेव्यापेक्षा मोठं असूनही 1917 पर्यंत कागदोपत्री खेडंच राहिलं.

नव्या शहरांना चिन्हंही वाटली गेली. वेस्येगोन्स्कला सोनेरी पार्श्वभूमीवर काळा खेकड्यासारखा गोड्या पाण्यातला झिंगा, ओस्ताश्कोवला तीन मासे, वोलोच्योकला मालाने भरलेली नाव. नकाशाच्या चिन्हसूचीत मी हीच चिन्हं वापरतेय, झिंगा काढायला पूर्ण रविवार गेला.

एक सूचना, तक्ते जुळवताना अडकू नका: तोर्झोक शहराच्या तालुक्याचं नाव ‘नोवोतोर्झस्की’ आहे. मी ते दोन वेगळे तालुके समजून महिनाभर तेरावा-चौदावा मोजत बसले होते.

तिसरा लेअर, 1796. कॅथरीन गेली, पॉल आला, आईने केलेलं मोडणं हा त्याचा छंद. नामेस्त्निचेस्त्वो हा शब्द गेला, गुबेर्निया आली, आणि तेरातले चार तालुके रद्द: वेस्येगोन्स्क, काल्याझिन, कोर्चेवा, क्रास्नी खोल्म. उरले नऊ. 1803 मध्ये अलेक्झांडरने पहिले तीन परत उभे केले. क्रास्नी खोल्म राहिलं ते राहिलंच, वेस्येगोन्स्क तालुक्यातलं बिनठाण्याचं शहर म्हणून.

आणि मग? मग काही नाही. 1803 पासून साम्राज्य संपेपर्यंत तेच बारा तालुके. शंभराहून जास्त वर्षांना माझ्याकडे एकच लेअर आहे. बदल झाले ते आतून: 1837 मध्ये तालुक्यांचे ‘स्तान’ (पोलिसी विभाग) पडले, 1861 मध्ये भूदासांच्या मुक्तीनंतर व्होलोस्त (काही गावांचे गट) आल्या, 1865 मध्ये झेम्स्त्वो (निवडून दिलेली स्थानिक मंडळं). माणसांच्या बाजूने या काळात पुष्कळ घडलं, लेखक साल्तिकोव-श्चेद्रिन इथे 1860 ते 1862 उपगव्हर्नर होता आणि त्याच 1862 मध्ये त्वेरच्या तेरा शांतता-मध्यस्थांना (मुक्तीनंतर जमीनदार आणि शेतकरी यांच्यातले वाद मिटवणारे अधिकारी) सरकारवर टीका केली म्हणून पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यात डांबलं. पण हद्द एका रेषेने हलली नाही. 1897 ची जनगणना या लेअरवर अगदी आरामात बसली: गुबेर्निया 17,69,135, त्वेर शहर 53,544. कारेली (फिनिशच्या नात्यातली भाषा) बोलणारे लाखाच्या वर, त्यांना वेगळी छटा दिलीय.

काल रात्री शेवटचं काम म्हणून आजच्या जलाशयांचा लेअर वर टाकला, फक्त किनारे जुळतात का पाहायला. कोर्चेवा 1937 मध्ये इवान्कोवो जलाशयासाठी उठवलं. काल्याझिनचा जुना भाग उगलिचच्या पाण्यात. वेस्येगोन्स्क रिबिन्स्कच्या पाण्यामुळे वरच्या जमिनीवर सरकवावं लागलं. तिन्ही निळी झाली तेव्हा पाहत राहिले. पॉलने पुसलेले आणि अलेक्झांडरने परत आणलेले तीन तालुके तेच हे. योगायोगच, ती ठाणी सखल काठावर होती म्हणून. पण चौथं, क्रास्नी खोल्म, जे परत आलं नव्हतं, ते कोरडं.

त्याचा तालुका 1918 मध्ये सोव्हिएत सरकारने पुन्हा काढला. म्हणजे आणखी एक लेअर. पुढच्या नोंदीपर्यंत तो आखते, आणि व्होलोस्तांना हात घालण्याआधी कुणाकडे काशिन तालुक्याचं स्वच्छ स्कॅन असेल तर कळवा, माझ्या स्कॅनवर घडीची काळी रेघ नेमकी हद्दीवरूनच गेलीय.