दारावर २०३, नकाशात २०४

मी व्हॅल्युअर, म्हणजे गृहकर्ज देण्याआधी बँकेसाठी घराची पाहणी करून त्याची किंमत ठरवणारा. २०२१ चा मे महिना. सांगलीत कडक निर्बंध होते आणि कोल्हापूर जिल्ह्यात त्याहून कडक. इचलकरंजी एरवी माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही, पण मध्ये जिल्ह्याची हद्द आडवी येते आणि तेव्हा ती ओलांडायला ई-पास लागायचा. बँकेनं तेवढ्या काळापुरती मुभा दिली होती : साइट व्हिजिट व्हिडिओ कॉलवर करा, रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा, नंतर जमेल तेव्हा जागेवर जाऊन या.

केस अगदी साधी दिसत होती. रिसेलचा टू बीएचके, दुसरा मजला, फ्लॅट नंबर २०३. सौदा ३१ लाखांचा, घेणाऱ्याला कर्ज हवं होतं २५ लाखांचं. विकणाऱ्यांचा मुलगा कॉलेजात होता, त्याचं नऊला ऑनलाइन लेक्चर, म्हणून सकाळी आठलाच कॉल लावला.

व्हिडिओवर माप घेणं म्हणजे फरश्या मोजणं. दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल असली की काम सोपं. "हॉलमध्ये लांबीला किती बसल्यात बघ रे." तो पायानं मोजत गेला. साडेसात. रुंदीला पाच. म्हणजे पंधरा बाय दहा, मंजूर नकाशाशी तंतोतंत. किचन, बेडरूम, सगळं जुळत होतं. मागून त्याच्या आईचा आवाज, "मीटर खाली हाय, तो पण दाखव की सायबांना." मीटर दाखवला, घरफाळ्याची पावती दाखवली, दारावरची २०३ ची पितळी पाटी दाखवली. जीपीएस कॅमेऱ्यानं काढलेले फोटो आधीच आले होते. अर्थात त्यातून इमारत कळते, फ्लॅट कळत नाही.

शेवटी बाल्कनी दाखवायला तो हॉलमधून निघाला आणि स्क्रीन पांढरी झाली. ऊन थेट आत, पार सोफ्यापर्यंत आलेलं.

माझ्यासमोर टेबलावर नकाशा आणि करारनामा उघडा होता. करारनाम्यात २०३ ची चतुःसीमा : पूर्वेस जिना, पश्चिमेस सोसायटीची मोकळी जागा. नकाशातही तसंच, २०३ ची बाल्कनी पश्चिमेला. सकाळी आठला पश्चिमेच्या बाल्कनीतून ऊन कसं येईल?

मुलाला फोनमधला कंपास उघडायला लावला. "पूर्वच आहे की सर. म्हणून तर आईची तुळस हितं हाय." मग त्याला जिन्यात उभं करून समोरचं दार दाखवायला सांगितलं. २०४. नकाशात जे २०३ होतं, तिथे २०४ ची पाटी, आणि आत दुसरंच कुटुंब, कित्येक वर्षांपासून. वरच्या मजल्यावर ३०३ आणि ३०४ चंही तेच निघालं. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, पेंटरनं उलटीकडून नंबर टाकले असतील.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. फ्लॅट एकमेकांचे आरसे, क्षेत्रफळ सारखं. पण बँकेकडे गहाण पडणार होतं ते कागदावरचं घर. हप्ते थकले असते तर बँक कागदानुसार समोरच्यांच्या दारात गेली असती. या फ्लॅटवर पूर्वी दुसऱ्या एका बँकेचं कर्ज होऊन फिटलंही होतं, आणि तेव्हा व्हॅल्युअर प्रत्यक्ष येऊन गेला होता. मला त्याचं नवल वाटत नाही. जागेवर गेलं की माणसं हाताला धरून "हा आमचा २०३" म्हणत आत नेतात, चहा येतो, पाटीचा फोटो निघतो. मीही तिथे असतो तर कदाचित चहाच घेतला असता.

मी व्हॅल्यू दिली नाही, जागेची ओळख पटत नाही असं लिहिलं. शाखेतून फोन आला, "अहो, दारावर २०३ आहे ना? आकडा टाका की." घेणारा तर माझ्यावरच चिडला, त्याला पूर्वेची बाल्कनी आवडली म्हणून त्यानं फ्लॅट ठरवला होता, आणि मी त्याला सांगत होतो की करारनाम्यात त्याला पश्चिमेची मिळतेय.

उपाय एकच, चूक दुरुस्ती पत्र. दोन्ही घरांनी दुय्यम निबंधकांपुढे सह्या करून ते नोंदवायचं. समोरच्या काकांनी आधी साफ नकार दिला. घर बदलून घ्यायचा डाव आहे असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यांच्याही फ्लॅटवर कर्ज होतं, त्यामुळे त्यांच्या बँकेचं ना-हरकत पत्र आणणं आलं. कुणाला घर सोडावं लागणार नाही, फक्त कागदावरचे नंबर बदलतील, हे त्यांच्या मुलीनं त्यांना नकाशावर बोट ठेवून समजावलं तेव्हा ते तयार झाले. दस्त नोंदवेपर्यंत पावसाळा लागला होता.

तोवर निर्बंध सैल झाले आणि मी जागेवर गेलो. बेडरूममध्ये शिरताच ओलीचा वास आला. कपाटामागची, बाथरूमला लागून असलेली भिंत पार फुगली होती. व्हिडिओत त्या भिंतीसमोर कपाटच दिसलं होतं. ३० लाखांचं मूल्यांकन दिलं. घेणाऱ्यानं तोच रिपोर्ट पुढे करून सौद्यातले एक लाख कमी करून घेतले.