खेळणं नाही हो ते! (रेल्वे मॉडेलचं सामान ऑनलाइन मागवायचा माझा अनुभव)

तेवीस दिवस. इंग्लंडहून भारतात यायला पार्सलला पाच दिवस लागले आणि भारतात आल्यावर माझ्या दारापर्यंत यायला तेवीस. त्यातले सतरा-अठरा दिवस फक्त एका शब्दावरून गेले, तो शब्द म्हणजे 'टॉय'. अजून डोकं तापतं म्हणून लिहायला बसलोय, दुसऱ्या कुणाचा तरी वेळ वाचेल.

आधी थोडं सांगतो. मी खानापूरचा. वडील लोंढ्याला रेल्वेत कीमन होते, रोज हातोडा घेऊन लाइन बघत चालत जायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर घाटातल्या कॅसलरॉकला कितीदा गेलोय, मीटरगेजची (दोन रुळांत एक मीटर अंतर) गाडी, १ ला ३७ चा चढ (३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर), खाली गोव्यातल्या कुळ्याहून वर येताना मागून बँकर इंजिन ढकलायचं, पाऊस असा की समोरचा डबा दिसायचा नाही. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज (रुंद रूळ) झालं आणि ते सगळं गेलं. त्या घाटाचा एक तुकडा आठ बाय चारच्या प्लायवर करायचा हे डोक्यात वीस वर्षं होतं. आता पोरगी नोकरीला लागली, वरची खोली रिकामी झाली, म्हटलं आता नाही तर कधी.

खरं तर मीटरगेज करायचं म्हणजे एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ ला, दोन पट्ट्यांत १२ मिलिमीटर अंतर असलेला रूळ पाहिजे. तो मिळतो, पण सामान फार थोडं आणि महाग. म्हणून साधा १६.५ मिलिमीटरचा एचओ रूळ घ्यायचं ठरवलं. तो युरोपातल्या स्टँडर्ड गेजच्या मापाचा आहे, आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, ते ८७ नं भागलं तर एकोणीसच्या वर जातं, म्हणजे हिशोबानं तेही चूकच. असू दे, बघणाऱ्याला कळत नाही, मला कळतं आणि मी गप्प बसतो.

भारतात ऑनलाइन दोन-तीन ठिकाणी बघितलं. इंजिनं, डबे मिळतात, पण सांधे (पॉइंट्स हो, सांधेवाल्याचे सांधे, जिथं एका रुळाचे दोन होतात) एक डावा असेल तर उजवा नाही, उजवा आला की डावा संपलेला. शेवटी इंग्लंडच्या एका दुकानातून मागवायचं ठरवलं. पेको कंपनीचा एक-एक यार्डाचा फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ) आठ नग, चार सांधे, फिशप्लेटी (रुळाची टोकं जोडायच्या पट्ट्या). परदेशात पाठवतात तेव्हा त्यांचा २० टक्के व्हॅट कापून किंमत लावतात, तेवढ्यानं मी लई खूश झालो होतो. कार्डाचं इंटरनॅशनल आधी बँकेच्या ॲपमध्ये चालू करून ठेवा, नवीन कार्डावर ते बंदच असतं. पैसे गेले, माल निघाला, ट्रॅकिंग आलं, इथवर सगळं लोण्यासारखं.

मग कुरिअरवाल्यांचा मेसेज आला. शिपमेंट ऑन होल्ड, केवायसी पेंडिंग.

केवायसीचं एक वेगळंच. ऑर्डर देताना मी पत्त्यात 'बेळगाव' लिहिलं, म्हणजे इंग्रजीत जुनं स्पेलिंग, हातालाच तेच वळण. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं पण माझा हात काय बदललेला नाही. आधारवर नवीन नाव आणि माझं, वडिलांचं, आडनाव असं तिन्ही पूर्ण. ऑर्डरवर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. झालं, 'मिसमॅच'. त्या साइटवर आधार अपलोड करायचं तर फोटो एवढ्या साइजच्या आत पाहिजे, मी लहान केला तर अक्षरं दिसेनात, मोठा ठेवला तर घेईना. बाहेर जूनचा पाऊस, खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, लाइट गेली की वायफाय गेलं, परत पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी अप्रूव्ह झालं. म्हणून सांगतो, ऑर्डर देतानाच आधारवर जसं आहे तस्संच नाव आणि तस्संच गाव टाका, आपला अभिमान बाजूला ठेवा, तो पार्सलच्या कामाचा नाही.

पण हे काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी फोन आला. पोरगा हिंदीत सुरू झाला, मग पत्ता बघून म्हणाला, "सर, कन्नड बरत्ता?" म्हणजे कन्नड येतं का. म्हटलं, "स्वल्प स्वल्प, हिंदीतच बोल बाबा." तर म्हणतो, "सर, इसमें टॉय है ना, बीआयएस सर्टिफिकेट भेज दीजिए." मी म्हटलं कसलं सर्टिफिकेट, मी काय कारखाना काढलाय? तो म्हणाला बीआयएसचं, म्हणजे सरकारी मानक ब्यूरोचं, टॉय इम्पोर्टला लागतं, नसेल तर माल परत जाईल नाहीतर नष्ट करतील. नष्ट! सोळा-सतरा हजारांचा माल आणि हा नष्ट म्हणतोय, तेही अशा सुरात जसं दूध फाटलंय म्हणून सांगतात.

मग मी वाचत बसलो. गोष्ट अशी आहे की १ जानेवारी २०२१ पासून सरकारचा खेळण्यांच्या क्वालिटीचा आदेश लागू आहे, आयएसआय मार्क नसलेली खेळणी विकायला, आणायला बंदी. हेतू वाईट नाही, लहान पोरं तोंडात घालतात ते रंग, तुटणारे तुकडे, हे सगळं बघायलाच पाहिजे. पण तो आदेश चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. मी चोपन्न वर्षांचा आहे. मी रूळ तोंडात घालत नाही.

आता हा 'टॉय' शब्द आला कुठून? दुकानदारानं कस्टमच्या कागदावर मालाचं वर्णन लिहिलं होतं 'टॉय ट्रेन पार्ट्स'. बस, तीन शब्द. त्याला त्याच्या देशात काही फरक पडत नाही, त्यानं सवयीनं लिहिलं. इथं ते तीन शब्द म्हणजे बेडी.

पुढचे दिवस कसे गेले सांगतो. सकाळी कस्टमर केअरला फोन, नऊ दाबा, एक दाबा, गाणं ऐका, मग दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. एक म्हणाला मेल करा. मेल केला तर आपोआप उत्तर आलं, तिकीट नंबर अमुक. दुसरा म्हणाला तिकीट बंद झालंय, नवीन काढा. तिसरीनं विचारलं, "सर, बच्चे की उम्र क्या है?" म्हटलं बाई, बच्चा मीच आहे. ती हसली नाही. त्यात गोदामाचं भाडं दिवसाला चढत होतं, ते वेगळंच.

घरी तर विचारू नका. आमची ही म्हणाली, "अहो, कस्टमवाल्यांना कळलं ते आम्हाला घरात कधीचं माहीत आहे, खेळणंच आहे ते." आई पलंगावरून म्हणते, "काय करायलास रे सकाळपासून फोनवर? दुकानातनं दुसरी गाडी आण की!" पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, पुढच्या वेळी माझ्या पत्त्यावर मागवा, पुण्यात लवकर होतं." त्याला सांगून थकलो की गाव कुठलंही असू दे, अडकलंय ते शब्दावर, पत्त्यावर नाही, आणि त्याच्या पत्त्यावर मागवलं तर केवायसी त्याची लागणार, मग त्याचे फोन मीच घेणार का?

शेवटी सुटलं ते एका बाईंमुळे. कस्टमर केअरच्या नव्हेत, क्लिअरन्स डिपार्टमेंटच्या. त्यांचा मेल आयडी मला चुकून मिळाला, एका उत्तराच्या खाली कॉपीमध्ये राहिला होता. (ही सगळ्यात महत्त्वाची टिप आहे, वर लिहायला पाहिजे होती: कस्टमर केअरशी भांडू नका, त्यांच्या हातात काही नसतं. क्लिअरन्सच्या माणसाचा थेट मेल मागा, मिळेपर्यंत सोडू नका.) त्यांनी चार ओळींत सांगितलं काय पाहिजे ते. दुकानदाराकडून दुरुस्त केलेलं इन्व्हॉइस, त्यात 'टॉय' हा शब्द नको, 'स्केल मॉडेल रेल्वे ट्रॅक, मोठ्यांच्या छंदासाठी' असं स्पष्ट पाहिजे, आणि प्रत्येक वस्तूचा कॅटलॉग नंबर. वयाची सूचना जिथे छापलेली असते त्या पानाचा किंवा पाकिटाचा फोटो. आणि माझ्या सहीचं पत्र, की हे विकायला नाही, स्वतःच्या वापराला आहे, एवढे-एवढे नग. दुकानदार भला माणूस, रात्री मेल केला तर सकाळी नवीन इन्व्हॉइस हजर, वर 'सॉरी' म्हणून.

पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्यात राग होता, ते पाठवलं नाही. दुसरं दीड पानाचं झालं, वडील, लोंढा, बँकर इंजिन सगळं त्यात आलं, हिला वाचून दाखवलं तर म्हणाली ही काय गणपतीतली निबंध स्पर्धा आहे का. तिसरं पाच ओळींचं, ते गेलं.

चार दिवसांनी मेसेज आला, क्लिअर झालं, ड्युटी भरा. मी खुर्चीतून उठून 'झालं!' म्हणून ओरडलो. मग ड्युटीचा आकडा बघितला आणि परत बसलो.

कारण गंमत अशी की सर्टिफिकेटसाठी ते खेळणं नाही असं ठरलं, पण ड्युटीसाठी ते खेळणंच. टॅरिफच्या (ड्युटीच्या सरकारी यादीच्या) ज्या ९५०३ नंबरच्या खान्यात तीनचाकी सायकली, बाहुल्या आहेत, त्याच खान्यात स्केल मॉडेलही आहेत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० च्या बजेटात २० ची ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. तीपण नुसत्या मालावर नाही, इंग्लंडहून आणायच्या भाड्यासकट किमतीवर, आणि वर जीएसटी. म्हणजे मालाला जेवढे मोजले जवळजवळ तेवढेच परत मोजा. व्हॅटचे वीस टक्के वाचले म्हणून जो नाचलो होतो त्याची आता लाज वाटते. भांडायची ताकद उरली नव्हती, भरले.

पेटी आली. फ्लेक्स ट्रॅकचे आठपैकी दोन नग वाकलेले, कारण ९१४ मिलिमीटर लांबीची ती अरुंद पेटी, तिच्यावर काय-काय ठेवलं असेल देव जाणे. एक सरळ केला, दुसरा कापून साइडिंगला (गाडी बाजूला उभी करायच्या रुळाला) वापरला. लांबून मागवताना दुकानदाराला लाकडी पट्टी किंवा प्लास्टिकचा पाइप घालून पॅक कर म्हणून आधीच सांगा, थोडे पैसे जास्त घेतात पण ऐकतात.

आणि माझी स्वतःची चूक, ती लपवून काय उपयोग. सांधे मी इलेक्ट्रोफ्रॉगवाले (मधल्या तुकड्यातही करंट असतो ते) घेतले, चांगलेच असतात, गाडी मधे अडत नाही, पण त्यांना प्लास्टिकच्या इन्सुलेटेड फिशप्लेटी लागतात, नाहीतर शॉर्ट. मी धातूच्या एसएल-१० मागवल्या, प्लास्टिकच्या एसएल-११ विसरलो. कीमनचा पोरगा फिशप्लेट विसरला! वडील असते तर चार माणसांत सांगितलं असतं. त्या छोट्याशा पाकिटासाठी परत इंग्लंड, परत कस्टम? नाही म्हणजे नाही. दोन महिने थांबलो, मग आपल्याकडच्याच एका ऑनलाइन दुकानात आल्या, लगेच दोन पाकिटं घेतली.

कोड पण बघून घ्या. कोड १०० म्हणजे रुळाची उंची ०.१ इंच, कोड ७५ म्हणजे ०.०७५. ७५ दिसायला नाजूक, खऱ्यासारखा, पण एकदा एक घेतला की सगळं त्याच कोडचं घ्या, जोडताना उंची जुळत नाही. अमेरिकेच्या दुकानातून कंट्रोलर घेताना त्याच्यामागची छोटी अक्षरं वाचा, १२० व्होल्टवाला असेल तर आपल्या २३० ला लावल्या-लावल्या धूर. मी कंट्रोलर इथलाच घेतला. रंग आणि काही गोंद ते विमानानं पाठवतच नाहीत, पेट घेणारे म्हणून, ऑर्डर देताना शेवटच्या पानावर नाकारतात आणि मग सगळी टोपली परत भरावी लागते.

चढ मी १ ला ३७ चाच ठेवला होता, हट्टानं. इंजिन पाच डबे घेऊन निम्म्यात चाकं घसरवत उभं राहिलं. मग मागून दुसरं इंजिन लावलं, बँकर. गेलं वर. आईला खुर्चीत बसवून वर खोलीत आणलं होतं, ती म्हणाली, "कॅसलरॉकला असंच करायचे."

डोंगराला प्लास्टर ऑफ पॅरिस बेळगावातनं आणलं, गणपतीच्या सीझननंतर मूर्तीवाल्यांकडे उरलेलं स्वस्तात मिळतं. झाडांचा चुरा म्हणून वाळवलेली चहापत्ती आणि रंगवलेला भुसा. माती जांबोटी रोडची, तांबडी, चाळून घेतली. एक गोष्ट मात्र विसरू नका, ती माती रुळाजवळ टाकायच्या आधी कागदावर पसरून तिच्यावरून चुंबक फिरवा, दोन-तीनदा. आपल्या मातीत लोखंडाचे कण असतात, ते इंजिनच्या मोटरमध्ये जाऊन तिथल्या चुंबकाला चिकटतात. मी फिरवलं नव्हतं. बँकर सध्या उघडून टेबलावर ठेवलंय, टूथब्रशनं साफ करतोय.