तुम्ही विचारलंत म्हणून: बायर्नच जिंकणार असतं तर बघतोस कशाला?

मी जर्मनीची फुटबॉल लीग, म्हणजे बुंडेसलीगा, बघतो आणि तिथं बहुतेक वेळा बायर्न म्युनिक हाच क्लब जिंकतो, म्हणून लग्नात, ऑफिसात, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या बाहेर वडापाव खाताना, गेली दहाएक वर्षं एकच प्रश्न. "ते जर्मनीचं कसलं बघतोस भावा, शेवटी बायर्नच की, प्रीमियर लीग बघ, तिथं कोण कुणालाबी हरवतंय." आधी हसायचो, मग भांडायचो, मग मोबाईलवर टेबल काढून दाखवायचो. आता पुतण्यापण विचारायला लागलाय म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

पहिल्यांदा मान्य करतो. 2013 ते 2023, सलग अकरा वेळा बायर्न. ह्याच्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नाही. डॉर्टमुंडनं 2011 आणि 2012 ला लीग मारली तेव्हा मी कॉलेजला होतो, त्यांचा कोच क्लॉपची ती जीव तोडून पळणारी पोरं बघितली आणि डॉर्टमुंडचा पिवळा रंग धरला तो धरलाच. मग ग्योट्झे गेला, लेवांडोव्स्की तर फुकटात गेला, हुमेल्स गेला, आणि तिघं कुठं गेले तर बायर्नला. आपल्याकडं पोरगं दुसऱ्या तालमीच्या टीमकडून खेळायला लागलं तर चार महिने पेठेत तोंड चुकवून फिरतं.

पण तुमच्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं तरी काय हो? 2018 ते 2024 सात सीझन, त्यातल्या सहा मँचेस्टर सिटीच्या. छोटं लेस्टर चॅम्पियन झालं म्हणून नाचता ती 2016 ची गोष्ट. इटलीत युव्हेंटस सलग नऊ. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियानं 2004 ला जिंकली त्यानंतर रियल, बार्सा आणि अॅटलेटिको सोडून लीग कुणाच्या घरी गेलेली नाही. फक्त आमच्यावरच का येता सगळे?

बरं, हे बोलून झालं की रात्री मलाच आठवतं की इंग्लंडमध्ये शेवटच्या नंबरच्या क्लबलापण टीव्हीचे वर्षाला शंभर मिलियन पौंडांच्या वर मिळतात, म्हणजे खालचासुद्धा चांगले प्लेअर घेऊन उतरतो, आणि जर्मनीत बायर्न दरवर्षी चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेचा, पैसा घेणार, त्या पैशातून शेजाऱ्याचा प्लेअर घेणार, की परत चॅम्पियन. चक्कीच आहे ती. तुमचं म्हणणं चुकीचं नाहीये, फक्त तुम्ही ज्या तोंडानं म्हणता ते मला आवडत नाही.

आता 27 मे 2023. हे सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

शेवटची मॅच. डॉर्टमुंड 70 पॉइंट, बायर्न 68. आपल्या घरच्या मैदानावर माइंझला हरवलं की संपलं. माइंझ नवव्या नंबरवर, त्यांना ना वर जायचं होतं ना खाली. मी दुपारीच एक किलो पेढे आणून ठेवले. आई म्हणाली कशाचे रे, म्हटलं संध्याकाळी सांगतो. सात वाजता टीव्हीवर डॉर्टमुंड, मोबाईलवर कोलोन विरुद्ध बायर्न, आणि ऐंशी हजारांचं स्टेडियम नुसतं पिवळं.

पंधराव्या मिनिटाला माइंझचा गोल. ठीक आहे. मग आम्हाला पेनल्टी, हॅलर मारायला आला. हा माणूस त्याच सीझनला कॅन्सरवर उपचार घेऊन परत आलेला, मला वाटलं देवानंच लिहून ठेवलंय सगळं. अडवली गोलीनं. पाच मिनिटांत दुसरा गोल, 0-2. तिकडं बायर्न एक गोलनं पुढं. मी उठून गॅलरीत गेलो, परत आलो, ग्वेरेरोनं एक फेडला, 1-2.

आणि मग 81 व्या मिनिटाला मोबाईलवर कोलोनला पेनल्टी, गोल, 1-1. आता हिशोब बघा. बायर्न बरोबरीत सुटलं तर 69. आम्ही हरलो तरी 70. म्हणजे स्वतःच्या घरात हरत हरत डॉर्टमुंड चॅम्पियन! आठ मिनिटं. आयुष्यात मी इतका कशाला घाबरलो नसेन तितका त्या आठ मिनिटांत घाबरलो होतो, जिंकायच्या आनंदानं नाही बरं का, अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते असं वाकड्या वाटेनं यायला लागल्यावर हात थरथरायला लागतात ते. 89 व्या मिनिटाला बायर्नच्या मुसियालानं गोल मारला. मोबाईल टीव्हीच्या पुढं चालत होता म्हणून मला आधी कळलं, टीव्हीवरची माणसं अजून गात होती. तो अर्धा मिनिट सगळ्यात वाईट. इंज्युरी टाइमला आमच्या झ्यूलेनं बरोबरी केली, तो पण बायर्नहूनच आलेला, 2-2, दोघांचे 71 आणि गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल, बायर्न. आणखी एकच गोल हवा होता.

आईनं काही विचारलं नाही. पेढे तीन दिवस फ्रिजमध्ये राहिले, मग शेजारच्यांना दिले, त्यांना वाटलं माझं लग्न ठरलं.

त्या रात्री शपथ घेतली, बस. दुसऱ्याच दिवशी सेकंड डिव्हिजनमध्ये हायडेनहाइम म्हणून पन्नासेक हजार वस्तीचं गाव, ते 0-2 नं मागं होते, एक फेडला, मग इंज्युरी टाइमला दोन गोल मारून 3-2 जिंकले आणि वर, पहिल्या डिव्हिजनमध्ये आले. हायडेनहाइम हरलं असतं तर हॅम्बुर्ग वर जाणार होतं, त्यांचे लोक आपण वर गेलो म्हणून मैदानात उतरून नाचत होते, त्यांना मैदानातच कळलं. मी परत बघायला लागलो. पुढच्या सीझनला ह्याच हायडेनहाइमनं बायर्नला 0-2 वरून 3-2 हरवलं, आणि आधीच्या सीझनला सेकंड डिव्हिजनमध्ये जाता जाता प्लेऑफमध्ये वाचलेलं स्टुटगार्ट दुसरं आलं, बायर्नच्या पुढं. ह्याला कॉम्पिटिशन म्हणायचं नाही तर काय?

आणखी एक, तिथले बहुतेक क्लब म्हणजे आपल्यासारखी मंडळंच आहेत. पन्नास अधिक एकचा नियम, मतांचं बहुमत सभासदांकडंच. कुठला शेख येऊन विकत घेऊ शकत नाही. हे मी वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगायचो.

मग 14 एप्रिल 2024 ला लेव्हरकुसेननं ब्रेमेनला 5-0 हरवून बायर्नची साखळी तोडली. लीगचा सगळा सीझन एकही मॅच न हरता. आणि लेव्हरकुसेन कोण? तर त्या नियमातून सूट मिळालेला, औषध कंपनीचा क्लब. पुतण्याचा फोन, "काका, ओपन झाली की तुमची लीग, पेढे आणा." आता मी काय बोलू? कामगारांनीच 1904 ला काढलेला क्लब आहे म्हणून मनाची समजूत घातली. पण पाच मॅच शिल्लक असताना लीग संपली होती, शेवटी सतरा पॉइंटचा फरक. आणि ज्या वर्षाला तुम्ही "परत बायर्नच" म्हणून नाक मुरडता ते शेवटच्या मिनिटापर्यंत लटकलेलं. मग जास्त चुरस कशात? पुतण्या म्हणाला, काका तुम्ही नुसते हरलेले वकील आहात. असेन.

2025 ला परत बायर्न. फोन आलेच. पेढे मात्र मी त्यानंतर कधी आधी आणलेले नाहीत.