डॉग निगेटिव्ह, श्वान पॉझिटिव्ह

एंडोस्कोपीतून सुईने काढलेला नमुना आला, तेव्हा मीच लिहून दिलं होतं: लांबुळक्या पेशींची गाठ, जिस्ट (जठर-आतड्यांच्या भिंतीत होणारी, कॅन्सरकडे झुकू शकणारी गाठ) असावी. नमुना इवलासा होता, मार्कर, म्हणजे पेशींची जात ओळखणारी रसायनं, लावायला काही उरलंच नाही. पन्नाशीच्या बाई, हिमोग्लोबिन ७, शौचाला काळी होत होती, जठराच्या भिंतीत ५ सेंटिमीटरची गाठ. तिथे जिस्टच नेहमीची. सीटीत शेजारच्या लसिकाग्रंथी मोठ्या दिसत होत्या. जिस्ट सहसा तिकडे जात नाही. हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

सर्जननी दुर्बिणीतून गाठीसकट जठराचा तुकडा काढून पाठवला. वरच्या अस्तरावर व्रण होता, रक्त जायचं ते तिथून. गाठ कापली तर आतून पिवळसर पांढरी, रबरासारखी. कुठे रक्त साकळलेलं नाही, सडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्लाइड लावली. मी आधी सगळ्यात कमी पॉवरवर बघते, घाईचे लोक थेट मोठ्या पॉवरवर जातात. गाठीभोवती लिंफोसाइट्स या पांढऱ्या पेशींची निळी किनार, लुगड्याच्या काठासारखी. सुईच्या नमुन्यात काठ कुठला यायला! जठरातल्या श्वानोमाची, मज्जातंतूंच्या आवरणातून होणाऱ्या गाठीची, ही खूण, पण अशी गाठ मी तोवर पुस्तकातच पाहिली होती.

मार्कर लावले. जिस्ट ओळखणारा सीडी-११७ निगेटिव्ह. मध्ये विखुरलेल्या मास्ट पेशी, ज्या त्याने नेहमीच रंगतात, मात्र तपकिरी झालेल्या, म्हणजे रसायन नीट चाललं होतं. डॉग-१, तोही जिस्टचाच, निगेटिव्ह. मज्जातंतूंच्या आवरणाच्या पेशी ओळखणारा एस-१०० गडद तपकिरी, गाठभर. जठराच्या स्नायूंमधल्या मज्जातंतूंच्या जाळ्यातून, त्यांना वेढणाऱ्या श्वान पेशींतून उगवलेली साधी गाठ. लसिकाग्रंथी नुसत्याच सुजलेल्या निघाल्या.

सर्जनना फोन केला. "म्हणजे जिस्टच्या गोळ्या, इमॅटिनिब, नको?"

"नको. कापलेल्या कडा गाठीपासून मोकळ्या आहेत. आणि माझा पहिला रिपोर्ट चुकीच्या दिशेला होता, हेही बाईंना सांगा."

रिपोर्ट न्यायला मुलगा आला. त्या गोळ्या तीन वर्षं घ्याव्या लागतील असं कुणीतरी सांगितलं होतं, त्याने दुकानात भावही काढून ठेवला होता. लागणार नाहीत म्हटल्यावर तो खुर्चीत बसला, रिपोर्ट दोनदा वाचला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, यात डॉग निगेटिव्ह लिहिलंय, आणि तुम्ही म्हणता श्वानोमा. आईला दोन वर्षांपूर्वी कुत्रं चावलं होतं, त्याचं काही नाही ना?"

मी त्याला थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाबद्दल सांगू लागले. "पण इंजेक्शनं सगळी घेतली होती हं," तो म्हणाला.