तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या दोघींचं जमलं कसं?

आम्हा दोघींना एकत्र पाहिलं की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "शाळेत तुमचं जमलं तरी कसं?" प्रश्न रास्त आहे. सर वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझं, आणि त्या यादीत पहिलं नाव बहुधा तिचं. मला ती उनाड वाटायची, तिला मी चोंबडी. दोघींपैकी कुणीच अगदी खोटं बोलत नव्हतं.

जमलं ते एका रेडिओमुळे. त्याला बॅटरी नव्हती, वायर प्लगात घालायची नव्हती. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, खिडकीबाहेर सोडलेली लांब एरियल, नळाच्या पाइपाला बांधलेलं अर्थिंग, एक ईअरफोन, आणि मुख्य म्हणजे तापवून निळसर केलेलं दाढीचं पातं. त्या पात्यावर पेन्सिलीच्या शिशाचं टोक हलकेच टेकवायचं, शिसं सेफ्टी पिनेच्या टोकाला अडकवलेलं. पात्यावरचा ऑक्साइडचा थर आणि शिसं जिथे टेकतात तिथून वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने जेमतेम. एवढ्यानेच रेडिओलहरींवर स्वार होऊन आलेला आवाज वेगळा होतो. ईअरफोन चालवायला लागणारी ताकदसुद्धा त्या लहरींतूनच मिळते.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत ती हे जुळवत असताना मी तिला पकडलं. शाळेत पातं आणणं म्हणजे थेट मुख्याध्यापकांची खोली. मी नाव सांगणार हे तिने गृहीतच धरलं होतं. पण मी विचारलं, "ऐकू येतं का?" ती म्हणाली, "खरखर येते. तू कानाला लाव, मी टोक सरकवते." त्या क्षणापासून तिचं गुपित माझ्याकडे होतं आणि माझं तिच्याकडे: मॉनिटर असून मी गप्प बसले होते. एकमेकींना अडचणीत आणायची सारखीच सोय असली की विश्वास फार लवकर बसतो, असं माझं मत आहे. नुसत्या चांगुलपणाला बराच वेळ लागतो.

त्यातली खरी गंमत ईअरफोन एकच असण्यात होती. जिच्या कानाला तो, तिला ऐकू येणार. जिच्या हातात पिन, तिला काहीच नाही. जोरात श्वास सोडला तरी टोक हलायचं आणि लागलेलं स्टेशन जायचं. बोलायची सोय नव्हती, कारण भिंतीपलीकडे शिक्षकांची खोली. मग मी तिच्या दंडावर बोटाने दाबायचे: एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे मागे ने. ती पात्याकडे बघायचीच नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघायची. तिचे हात दगडासारखे स्थिर, माझे कायम थरथरणारे. मला पुस्तक वाचून कारण कळायचं, तिला वायर बघून बिघाड. वर्गात ज्या मुलीला 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळायचा, ती तासभर शिशाच्या एका टोकावरून लक्ष हलवत नाही, हे मी समोर बसून पाहिलं. शेरा देणाऱ्यांनी ते कधी पाहिलं नाही.

हा आमचा शोध, अशी आमची ठाम समजूत होती. १९४४ मध्ये इटलीतल्या अंझिओच्या आघाडीवर सैनिक अशाच पात्याचे रेडिओ बनवायचे. त्याआधी जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना नावाच्या खनिजाचा डिटेक्टर, म्हणजे आमच्या पात्याचंच काम करणारा भाग, केला होता, त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ सालचं. हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं, आणि कळल्यावर तिने खांदे उडवले, "आपल्याला कुणी सांगितलं होतं का?"

अशा जोड्यांचा विषय निघाला की लोक पुढे ॲपल कंपनी काढणाऱ्या स्टीव्ह जॉब्ज आणि वोझनियॅक यांचं नाव काढतात. १९७१ मध्ये जॉब्ज शाळेत होता, वोझनियॅक त्याच्याहून साडेचार वर्षांनी मोठा, आणि फुकट फोन करून देणारा बेकायदा 'ब्लू बॉक्स' दोघांनी मिळून बनवून विकला. उदाहरण चांगलं आहे, पण मला लुई ब्रेलच्या शाळेतली मुलं जास्त जवळची वाटतात. पॅरिसच्या अंधशाळेत पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने ठिपक्यांची लिपी जुळवली. डोळस माणसं वाचतात तीच अक्षरं उठावाने छापलेली, असली पुस्तकं त्या शाळेत होती. ती बोटांनी चाचपून वाचायला वेळ लागे आणि स्वतः लिहिणं तर जवळपास अशक्य. पुढे एका संचालकांनी ठिपक्यांना बंदी केली, तरी मुलं चोरून त्यातच लिहीत राहिली. शाळेने ती लिपी अधिकृत केली १८५४ मध्ये, ब्रेल गेल्यावर दोन वर्षांनी. मधली सगळी वर्षं ती टिकली ती एकमेकांना चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मुलांमुळे. मोठ्यांना न कळणारं काहीतरी दोघांना वाचता येतं, ही चैन काय असते ते मला माहीत आहे.

आमचा रेडिओ पकडला गेला का, हेही विचारतात. नाही. वर्ष संपलं, खोलीला रंग लागला, कुणीतरी एरियल तोडून टाकली. पुढच्या वर्षी तुकड्या बदलल्या. तिने वायरमनचं शिक्षण घेतलं, मी शिकवायला लागले. नंतर आम्ही दोघींनी उघडपणे, नीट सोल्डर करून एक रेडिओ बनवला. तो उत्तम चालायचा. ऐकायला मात्र आम्ही फारशा बसलो नाही.

भेटलो की अजून भांडतो. पहिल्यांदा माणसाचा आवाज आला तेव्हा ईअरफोन माझ्या कानाला होता. ती म्हणते, तिच्या.